वनिताबाईंनी न वाचलेला कागद

वनिताबाईंना कागद दिसला की वाचायची खोड. लहानपणी इस्लामपूरला भेळ संपली की त्या भेळेचा कागद उलगडून, तेलाच्या डागांतून दिसेल तेवढी बातमी वाचून काढायच्या. लग्न होऊन जपानात त्सुकुबाला आल्या तेव्हा जिकडेतिकडे अक्षरं आणि त्यातलं एकही वाचता येत नाही, यानेच त्या वेड्या व्हायच्या बाकी होत्या. मग त्यांनी कचऱ्याच्या वेळापत्रकापासून सुरुवात केली. जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या, बाटल्या महिन्यातून कितीदा. तिथून पाळणाघराच्या चिठ्ठ्या, दुधाच्या खोक्यावरचा मजकूर, दवाखान्यातल्या भिंती. पंचवीस वर्षांत दोनेक हजार चिन्हं, मूळची चिनीच ती, डोक्यात पक्की बसली. नवरा नंदकिशोरराव धातूंवर संशोधन करणारे. त्यांचं सगळं काम इंग्रजीत, त्यामुळे इमारतीची साधी नोटीस आली तरी अजून ते बायकोपुढे धरतात.

मुलगी रुचा शिकायला ओसाकाला गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा वनिताबाईंनी एका ग्रंथालयात अर्धवेळ काम धरलं. गावाच्या कडेला एका संशोधन संस्थेचं हे छोटं ग्रंथालय, सायकलने वीस मिनिटांवर. संस्थेचं नाव कशाला हवं? तिथली माणसं भली आहेत. त्यांच्याकडे चारशेच्या वर हस्तलिखित पोथ्या आहेत, सगळ्या ताओ पंथाच्या. हा पंथ मूळ चीनचा, आणि त्याचे खेडेगावातले पुजारी म्हणजे आपल्याकडचा भटजी, वैद्य आणि देवऋषी एकाच अंगरख्यात घातल्यासारखे. आजाऱ्याला उतारा द्यायचा तर तेच, मेलेल्याला पुढची वाट दाखवायची तर तेच. तैवान जपानच्या ताब्यात होतं त्या काळात एका जपानी प्राध्यापकाने गावोगाव फिरून अशा पुजाऱ्यांच्या घरातून या पोथ्या गोळा केल्या. कुणी विकल्या, कुणी साहेबाला नाही कसं म्हणायचं म्हणून दिल्या. पुजाऱ्यांची घरं कुठल्या कुठे पांगली. पोथ्या मात्र त्सुकुबात, बारा महिने एकाच गारव्यात, पुठ्ठ्याच्या पेट्यांत सुखाने झोपल्या आहेत. जगात पुष्कळ ठिकाणी असंच झालंय, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही.

वनिताबाईंचं काम या पोथ्या साफ करायचं. मऊ कुंचल्याने एकेक दुमडीचं पान झाडायचं, किडीचा भुसा काढायचा आणि शेवटी एक तक्ता भरायचा. तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘आत सापडलेली वस्तू’. पानांत जे सापडेल ते जागच्या जागी ठेवायचं, फोटो काढायचा, पानाचा आकडा लिहायचा. काहीही काढायचं नाही. यात कसूर नाही. एकदा एका पोथीत वाळलेला डास निघाला तर तोसुद्धा ‘डास, एक’ म्हणून रीतसर नोंदवला गेला. वनिताबाईंनी तक्ता भरला की त्यांच्या वरिष्ठ कुवाबारा-सान (सान म्हणजे आपलं बाई किंवा राव) तो पोथीशी ताडून बघायच्या आणि आपल्या नावाचा लाल शिक्का मारायच्या. कुवाबारा-सान सत्तरीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, कामाला वाघ. सुरुवातीची दोन वर्षं त्या पान न् पान ताडायच्या. पुढे वनिताबाईंच्या तक्त्यात कधी चूक सापडेना, तेव्हा त्या नुसताच शिक्का मारायला लागल्या. तसं एकदा बोलूनही दाखवलं, “तुमचं काम बघायला लागू नये, यातच मला आनंद आहे.” जपानी माणूस असं तोंडावर बोलत नाही. वनिताबाईंनी ते वाक्य घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं.

आता दोन वर्षांपूर्वीच्या जूनकडे यायला हवं.

त्या जूनमध्ये नंदकिशोरराव इस्पितळात होते. ताप होता आणि तो उतरत नव्हता. आधी तीन दिवस, मग आठवडा, मग तीन आठवडे. डॉक्टर रोज नव्या तपासण्या करत, रोज नम्रपणे वाकत आणि रोज “अजून कळलेलं नाही” म्हणत. वनिताबाई सकाळी ग्रंथालयात यायच्या, दुपारी तिथूनच इस्पितळात जायच्या. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण घरी बसून करायचं काय? हाताला काम असलं की डोकं जरा गप्प बसतं.

त्या दिवशी कुवाबारा-सान चहाच्या खोलीत गेल्या होत्या. वनिताबाईंनी एकशे सोळा नंबरच्या पोथीचं मधलं पान उलटलं आणि आतून घडी केलेला एक पिवळा कागद अर्धवट सरकून बाहेर आला. त्यावर शेंदरासारख्या लाल रेघा. घडीच्या फटीतून केसांची एक बट बाहेर आलेली होती, लाल दोऱ्याने बांधलेली.

वनिताबाईंनी कुंचला खाली ठेवला.

त्या सातवीत असताना शेजारच्या शकूकाकूंच्या उंबऱ्याखाली अशीच केसांची गुंतवळ सापडली होती, लाल दोरा गुंडाळलेली. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले. बायका आपसात कुजबुजल्या, करणी आहे. मग शकूकाकूंच्या सासूने ती गुंतवळ डाव्या हाताने उचलली, कृष्णेत सोडली आणि मागे न बघता घरी आली. वनिताबाईंचे वडील शाळामास्तर. त्यांनी या सगळ्याची भरपूर टिंगल केली होती, आणि वनिताबाई स्वतः बी.एस्सी. झालेल्या. एरवी कुणी करणी-भानामतीचं नाव काढलं तर त्याला चार शब्द सुनावणाऱ्या. पण शिक्षण सुखाच्या दिवसांत फार छान काम करतं. नवरा तीन आठवडे तापात आणि समोर पिवळ्या कागदात कुणाचे तरी केस, तेव्हा त्यांच्या आतून शकूकाकूंची सासूच उठली. लिंबू आणि टाचण्या तेवढ्या कमी होत्या, असं त्यांना वाटलं. मी गेले वीस दिवस हे असलं उघडत बसलेय आणि तेच हात घेऊन रोज त्यांच्या उशाशी जातेय, असं वाटलं.

त्यांनी डाव्या हाताने तो कागद उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. भेळेचा कागदही न सोडणाऱ्या बाईने तो उलगडलासुद्धा नाही. वाचलं तर ते आपल्याला लागेल, अशी भीती होती. मग तक्ता पुढे ओढला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘काही नाही’. कुवाबारा-सान आल्या, तक्ता घेतला, पोथी न उघडता शिक्का मारला. दुपारी वनिताबाईंनी सायकल इस्पितळाऐवजी आधी साकुरा नदीकडे घातली, पुलावरून तो कागद पाण्यात सोडला आणि मागे न बघता पेडल मारत निघून आल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. यकृतात गळू होतं, ते सापडलं होतं आणि आदल्याच दिवशी नवं औषध सुरू झालं होतं, हे खरं. वनिताबाईंना ते ठाऊक होतं. तरी मनाच्या एका कोपऱ्यात त्यांनी श्रेय नदीला देऊन टाकलं आणि तो कोपरा बंद करून घेतला. नंदकिशोरराव घरी आले, वरणभात खायला लागले, बायकोच्या चहाला नावं ठेवायला लागले. सगळं पहिल्यासारखं झालं.

यंदा वसंतात ग्रंथालयाने आपली जुनी यादी इंटरनेटवर टाकली आणि मे महिन्यात एक पत्र आलं. ग्रंथालयाचे प्रमुख इशिगे-सान यांनी ते वनिताबाई आणि कुवाबारा-सान दोघींना बसवून वाचून दाखवलं.

पत्र फुनाबोरीहून होतं, रिन नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईंचं. मूळच्या तैवानच्या, साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन जपानला आलेल्या, आता नातीजवळ राहतात. त्यांचे वडील एका खेड्यात ताओ पंथाचे पुजारी होते. रिन-सान दोन वर्षांच्या असताना आई वारली आणि वडिलांनी त्यांना दुसऱ्या गावी दत्तक दिलं. दत्तक घराने नाव बदललं. वडील पुढे लढाईच्या दिवसांत गेले, गावातले कागद जळाले, आणि आपलं जन्माचं नाव काय होतं हे रिन-सानना सांगणारं कुणी उरलं नाही. नातीने संगणकावर आजीच्या गावाचं नाव घालून शोधलं तर तुमची यादी मिळाली. तिच्यात वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलंय, ‘पोथी ११६. आत घडी केलेला एक कागद. पुजाऱ्याने आपल्या चार महिन्यांच्या आजारी मुलीला देवीच्या पदरात घातल्याचा. मुलीचं नाव व जावळ.’ त्या पुजाऱ्याला मुलगी एकच होती, असं रिन-सानना दत्तक आईने सांगितलेलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, “मला दुसरं काही नको. ते नाव वाचून दाखवा.”

इशिगे-साननी चष्मा काढला. पोथी त्यांनी आधीच काढून बघितली होती. कागद नव्हता. वीस वर्षांपूर्वी नोंद करणाऱ्याने नाव उतरवून घेतलं नव्हतं, फोटोही नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यात, वनिताबाईंच्या स्वच्छ अक्षरात, ‘काही नाही’.

“म्हणजे तक्ता भरायच्या आधीच कधीतरी हरवला असणार,” इशिगे-सान म्हणाले. वनिताबाईंच्या तक्त्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

कुवाबारा-सान उठून उभ्या राहिल्या. “जुनी यादी त्या वेळीसुद्धा खोलीत होती. तिच्याशी ताडून बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. पोथी उघडलीही नाही. शिक्का माझा आहे.” त्या कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. रिन-सान येतील तेव्हा त्यांची क्षमा मीच मागेन, आणि त्यानंतर काम सोडेन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

वनिताबाई गप्प बसल्या. हे लिहायलाही बरं वाटत नाही, पण त्या गप्प बसल्या. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि पुढचे सगळे दिवस. कुवाबारा-सान रोज येऊन नेहमीसारखं काम करत, आपल्या खणातल्या वस्तू थोड्या थोड्या पिशवीत भरत, आणि वनिताबाई शेजारी बसून पानं झाडत. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की कारण सांगावं लागेल. पंचवीस वर्षं या देशात शहाणी म्हणून राहिलेली बाई आता सांगणार, मला ती करणी वाटली.

रिन-सान यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नंदकिशोररावांना सगळं सांगितलं. ते भाजी निवडत होते. हातातली जुडी खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

“आणि मग मी बरा झालो,” ते म्हणाले.

“झालात ना.”

“अँटिबायोटिकने, वनिता.”

“ते मला माहितेय हो. तेव्हा नव्हतं माहीत. तुमच्यासाठी केलं मी, तुम्ही तीन आठवडे...”

“हे बघ, माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस.” ते चिडले होते, आणि ते फार क्वचित चिडायचे. “त्या म्हातारीचं नाव नदीत सोडून मी बरा झालो, हे मला माझ्या नावावर नकोय. तू घाबरलीस म्हणून केलंस. घाबरणं माणसाचंच असतं, त्याला मी काही म्हणत नाही. पण लिहिलंस ते? ‘काही नाही’ म्हणून? आणि ही कुवाबारा-सान उद्या तुझ्यासाठी वाकणार, ते बघत उभी राहणारेस तू?”

वनिताबाई रडल्या. नंदकिशोररावांनी त्यांना रडू दिलं, आणि मग उरलेली भाजी निवडून फ्रिजमध्ये ठेवली.

रिन-सान बुधवारी अकरा वाजता आल्या, एकट्याच. नातीला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. फुनाबोरीहून दोन गाड्या बदलून, स्टेशनवरून टॅक्सीने. पाठीत बाक, पण केस नीट विंचरलेले, आणि अंगावर कुठल्या तरी समारंभाला घालावा असा जांभळा कोट. आत येताच त्यांनी विचारलं, “कुठे आहे?” पत्राला उत्तर म्हणून इशिगे-साननी ‘पोथी दाखवू, कागदाबद्दल प्रत्यक्ष बोलू’ एवढंच लिहिलं होतं. आलेली ही बाई आपलं नाव न्यायला आली होती.

टेबलावर एकशे सोळा नंबरची पोथी उघडून ठेवली होती. ज्या दोन पानांत कागद होता तिथे पानं वयाने तपकिरी झालेली, आणि मधोमध बोटभर लांबीचा एक चौकोन फिका राहिलेला. ऐंशी वर्षं तिथे काहीतरी झाकलेलं होतं. रिन-साननी त्या चौकोनाकडे बघितलं आणि मग त्या तिघांकडे बघितलं.

कुवाबारा-सान पुढे झाल्या. हात मांड्यांवर ठेवून वाकायला लागल्या.

“थांबा,” वनिताबाई म्हणाल्या. आवाज नको तितका मोठा निघाला. “कागद हरवलेला नाही. मी काढला. मी नदीत टाकला.”

हे सगळं बोलणं अर्थात जपानीत चाललं होतं, आणि त्या भाषेत माफी मागायचे दहा प्रकार आहेत. वनिताबाईंना त्यातला एकही आठवेना. इशिगे-सान हातातली पेन्सिल धरून तसेच राहिले. कुवाबारा-सान सावकाश सरळ झाल्या. त्यांनी वनिताबाईंकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर वनिताबाईंना बरं वाटलं असतं. मग त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

रिन-सानच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “काय नाव होतं?” त्यांनी विचारलं.

“मी वाचलं नाही.”

“तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं.”

“मग?”

वनिताबाईंनी सांगितलं. पिवळा कागद, लाल रेघा, लाल दोऱ्यात बांधलेले केस. आमच्याकडे असं काही सापडलं की कुणीतरी कुणाचं वाईट चिंतलंय असं समजतात. माझे पती आजारी होते. मला वाटलं हे त्यातलंच. आपल्या तोंडून निघणारं एकेक वाक्य त्यांना स्वतःलाच मूर्खपणाचं वाटत होतं, पण थांबता येत नव्हतं. मध्येच त्या “मला माफ करा” म्हणाल्या, तर रिन-साननी हात किंचित हलवला, जसं काही ते वाक्य मध्ये आलेलं त्यांना नको होतं.

“केस कसे होते?”

“काळे. अगदी मऊ. बारीक.” वनिताबाईंनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. “एवढीच बट. दोरा तीन वेढे दिलेला होता आणि वर गाठ, घट्ट. टोकं एकसारखी कापलेली.”

“म्हणजे नीट बांधलं होतं.”

“फार नीट बांधलं होतं.”

रिन-साननी मान हलवली. पोथीवरच्या वडिलांच्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, पानाला न टेकवता. “मला ताप होता म्हणे,” त्या म्हणाल्या. “महिनाभर उतरत नव्हता. म्हणून त्यांनी मला देवीला वाहिलं. दत्तक आई सांगायची.” मग वर बघून त्यांनी विचारलं, “तुमच्या माणसाला काय झालं होतं?”

“ताप,” वनिताबाई म्हणाल्या. एका बापाने उतरत नसलेल्या तापासाठी जो कागद पोथीत घातला होता, तोच त्यांनी उतरत नसलेल्या तापासाठी उपसून फेकला होता. त्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या.

“उतरला?”

“उतरला.”

“माझाही उतरला होता,” रिन-सान म्हणाल्या. “चार महिन्यांची होते मी. मला घाबरलात तुम्ही.”

“हो,” वनिताबाई म्हणाल्या.

मग रिन-सान खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

“घडीच्या फटीतून केस दिसले म्हणता. मग अक्षरंही दिसली असतील. सगळं नाही, एखादं चिन्ह. एखादी रेघ.”

वनिताबाईंनी डोळे मिटले. फट दिसली, केस दिसले, लाल रंग दिसला. पुढे काही नाही. डोक्यात मात्र चिन्हांचा नुसता बाजार भरला. फूल, चंद्र, पाचू, वसंत, मोती. मुलीच्या नावात शोभतील अशी पन्नास तरी त्यांना येत होती. त्यातली दोन निवडून सांगितली असती तर ही बाई ती पुटपुटत फुनाबोरीला गेली असती, शांतपणे मेली असती, आणि खोटं आहे असं म्हणायला जगात कुणीही नव्हतं. ‘पाचू’ तर त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकही दिसलं नाही. दिसलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.”

रिन-साननी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी जांभळ्या कोटाची बटणं सोडली, हातातली पिशवी पायाशी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“आठवेल,” त्या म्हणाल्या, “मला घाई नाही,” आणि वनिताबाईंच्या तोंडाकडे बघत वाट पाहत बसल्या.